मुद्देमालाचं तेलपाणी

शिलाई मशीन चोरीला गेलं तेव्हा टेलरमास्तरांच्या बायकोने एकच सल्ला दिला, "काहीही करा, पण पोलिसात जाऊ नका." मास्तरांनी आयुष्यात बायकोचा एकही सल्ला मानला नव्हता. आता ऐन वेळी सवय कशी मोडणार? ते गेले.

आश्चर्य म्हणजे चोर लगेच सापडला. बोका या नावाने सगळी वस्ती त्याला ओळखायची. हा गृहस्थ इतका आळशी, की चोरलेला माल विकायचेही कष्ट त्याने घेतले नव्हते. मशीन त्याच्याच खोलीत होतं आणि त्यावर त्याचे ओले कपडे वाळत होते. पोलिसांनी पंचनामा केला. चाकाला टवका, पट्टा तुटून लाल दोऱ्याने बांधलेला, पायडल करकरतं. मास्तरांनी फिर्यादीत याच खुणा दिल्या होत्या. खुणा पटल्याचं कळताच मास्तर ठाण्यात हजर झाले, तेही हातगाडी घेऊन.

"गाडी कशाला?" हवालदारांनी विचारलं.

"मशीन न्यायला."

"अहो मास्तर, ते आता मशीन राहिलं नाही. तो मुद्देमाल आहे. गुन्ह्याचा पुरावा! खटला संपेपर्यंत इथंच राहणार."

"आणि बोका?"

"तो काय मुद्देमाल आहे? त्याला जामीन मिळाला. सकाळीच घरी गेला."

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणून वाट दाखवली, "कोर्टात अर्ज करा. मशीनचा ताबा मिळतो. फक्त मालकीची पावती जोडा."

"मशीन वडिलांनी घेतलेलं. पावती कुठली?"

"मग वडिलांची सही आणा."

"ते वारले."

"अरेरे," हवालदार मनापासून हळहळले. "मग अवघड आहे."

मशीन नाही म्हणजे काम नाही. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली आणि भाडं थकलं म्हणून जागेच्या मालकाने मास्तरांच्या दुकानाला स्वतःचं कुलूप लावलं. बायको हातशिलाईवर घर ओढू लागली. सुईत दोरा ओवताना ती हल्ली डोळे बारीक करायची, आणि मास्तर तिच्याकडे बघायचं टाळायचे. बरं, ती टोमणाही मारत नव्हती. मारला असता तर थोडं हलकं तरी वाटलं असतं.

मग मास्तर मशीनला भेटायला जाऊ लागले. ठाण्याच्या मागच्या खोलीत, चिठ्ठ्या लावलेल्या सुऱ्या आणि मोडक्या सायकलींच्या गर्दीत, ते ओल्या भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्यावर गंज चढत होता. याच मशीनवर वडिलांनी त्यांचा हात धरून पहिली शिवण घालायला शिकवलं होतं. मास्तरांना भडभडून आलं.

"थोडं तेल घालू का हो?"

"घाला की," हवालदार म्हणाले. "तेलाला कुठं कायदा आहे?"

तेल घातलं. पण नुसतं तेल घालून मशीन चालतं का हे कळत नाही. त्यासाठी काहीतरी शिवून बघावं लागतं. योगायोगाने हवालदारांची विजार नको त्या जागी उसवली होती. ती शिवून झाली. दुसऱ्या खेपेला फौजदारसाहेबांचा शर्ट आला. तिसऱ्या खेपेला मास्तर यायच्या आत कपड्यांचा ढीग येऊन पडला होता. मजुरी मागायची तर पोलिसांकडे मागायची कशी? पण मशीन हाताखाली आहे, ते धावतंय, एवढ्यावर मास्तर खूश होते. त्यांनी नवा पट्टा घातला, चाकाचा टवका भरून घासून घेतला आणि पायडलची करकर कायमची घालवली.

आणि मग, तारखांवर तारखा पडून झाल्यावर, एकदाचा खटला उभा राहिला.

"तुम्ही फक्त मशीन ओळखायचं," सरकारी वकिलांनी मास्तरांना बजावलं. "बोका आत आणि मशीन तुमच्या घरी. मिटलं."

मास्तर कोर्टाबाहेर हातगाडी लावून साक्षीच्या पिंजऱ्यात चढले. शपथ झाली. समोरच्या मशीनवरचं फडकं निघालं आणि कोर्टात एकदम उजेड पडल्यासारखं झालं, इतकं ते लखलखत होतं. सरकारी वकिलांनी डोक्याला हात लावला. बोक्याचे वकील मात्र सावकाश उठले.

"फिर्यादीत म्हणता, चाकाला टवका आहे. दाखवा बरं."

मास्तरांनी गुळगुळीत चाकावरून बोट फिरवलं.

"पट्टा लाल दोऱ्याने बांधलेला. हा तर कोरा करकरीत. असू द्या. पायडल करकरतं म्हणे. चालवून दाखवा."

मास्तरांनी चालवलं. सुई हलल्याचासुद्धा आवाज झाला नाही. अशा प्रसंगातही मास्तरांची छाती क्षणभर फुगली.

"आता नीट ऐका," वकील म्हणाले. "पुराव्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे. करणाराही आत जातो आणि करू देणाऱ्या पोलिसाची नोकरी जाते. तर शपथेवर सांगा, फिर्यादीतलं मशीन हेच का?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. हवालदार छताकडे बघत उभे होते, मास्तरांनीच शिवलेल्या विजारीत. खरं बोलावं तर हवालदारांची नोकरी गेली, आपण तुरुंगात, आणि घरी बायको एकटी. खोटं बोलावं तर शपथ मोडली. इकडे आड तिकडे विहीर, आणि पिंजऱ्यात मास्तर.

"साहेब," ते न्यायाधीशांना म्हणाले, "ते करकरायचं."

"म्हणजे हे ते नाही?"

मास्तरांनी मान खाली घातली. मशीनकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. भर कोर्टात बापाची ओळख नाकारावी, तसं त्यांना वाटलं.

"नाही," ते म्हणाले.

बोका निर्दोष सुटला. मशीनचं काय करायचं, हा प्रश्न उरला. फिर्यादीच म्हणतो माझं नाही, दुसरा कुणी दावेदार नाही, तेव्हा ज्याच्या ताब्यातून जप्त केलं त्याला परत द्यावं, असा हुकूम झाला.

"माझं?" बोक्याने दचकून वकिलांना विचारलं.

"गप्प बस," वकील म्हणाले.

कोर्टाबाहेर बोका मशीन उचलायची खटपट करत होता. तो ते नेमकं फळीला धरून उचलत होता. मास्तरांना राहवेना.

"अरे, खालून धर! फळी निखळेल!"

"ही गाडी कुणाची आहे हो?"

"माझी."

"द्या जरा." मशीन चढवून झाल्यावर बोका घाम पुसत म्हणाला, "मास्तर, मला तर साधं बटणही लावता येत नाही. तुम्हीच या ना उद्यापासून. मशीन माझं, हात तुमचे."

मास्तरांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. मग त्यांनी मुकाट्याने गाडी ढकलायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बोक्याच्या खोलीत मास्तर कामाला बसले. पहिलं गिऱ्हाईक म्हणून हवालदार विजार घेऊन आले आणि काही न बोलता, या वेळी मजुरी ठेवून गेले. ते गेल्यावर बोका खाटेवर उठून बसला. नव्या मालकाच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती.

"मास्तर, एक सांगून ठेवतो. वस्ती चांगली नाही आपली. उद्या हे मशीन चोरीला गेलं, तर काहीही करा, पण पोलिसात जाऊ नका."

मास्तरांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचा तरी सल्ला मानला.