अंडी फेटायचं गिरमिट

आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांनी घरातला जुना टेबलफॅन ऑनलाइन विकला, आणि आमच्या घरातली शांतता त्या दिवसापासून संपली.

फॅन बंद होता. तो फिरत नाही हे घेणाऱ्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने तो आनंदाने नेला. "लोकांना जुन्या वस्तूंचं वेड आहे हो," आमचे गृहस्थ चहा ढवळत म्हणाले. "नीट नाव लिहायचं, दोन ओळी इतिहास लिहायचा, फोटो टाकायचा. बस्स!" हे ते अशा थाटात म्हणाले, की जणू काही फॅन नव्हे, राजवाडा विकून आले आहेत. (वास्तविक हा माणूस आजतागायत स्टेपलरच्या पिना माझ्याकडून नेतो.)

घरी येताना डोक्यात एकच विचार. आपल्या घरात जुनं काय आहे? विचारात इतका बुडालो की भाजी आणायची विसरलो. दारातच बायकोने रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. तिने काही बोलायच्या आत माझी नजर गॅलरीत गेली आणि मी ओरडलो, "सापडलं!"

गॅलरीत दादांची पेटी होती. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभं आयुष्य एका फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम केलं, आणि निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हा कपड्यांची एक पिशवी आणि हत्यारांची ही पेटी एवढंच बरोबर आणलं. पिशवी त्यांनी स्वतः उचलली होती, पेटी मी. (माझी कंबर तेव्हापासून थंडीत त्या पेटीची आठवण काढते.)

"दादा," मी म्हणालो, "ती पेटी विकून टाकू या का? नुसती पडून आहे."

दादा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. "विक की," पेपरामागून आवाज आला. "मला आता काय करायची? हात थरथरतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला पुरेशी वर्षं झाली की नवऱ्याला बायकोच्या नजरेचा अर्थ कळतो म्हणतात. मला तिने पाहिलं एवढंच कळतं.

रविवारी मी गॅलरीत चादर अंथरून सगळी हत्यारं ओळीने मांडली. (चादर नवी होती, हे नंतर कळलं. सविस्तर कळलं.) हातोडी ओळखली. करवत ओळखली. रंधा ओळखला, कारण तो घासताना लहानपणी पाहिला होता. इथे माझं ज्ञान संपलं. मी विम्याच्या कचेरीतला कारकून. आमच्याकडे सगळ्यात धोकादायक हत्यार म्हणजे रबरी शिक्का. पण नीट नाव लिहायचं, हा तर धंद्याचा पहिला नियम! तेव्हा मी एक पकडीसारखी, पण तोंड वेडंवाकडं असलेली वस्तू उचलली आणि दादांना विचारलं, "ही कशाची पक्कड?"

"दातांची," दादा चहाचा घोट घेत म्हणाले.

"दातांची?"

"हो. एक दात इकडे वाकवायचा, एक तिकडे. म्हणजे मग कर..." इतक्यात त्यांना ठसका लागला.

"अरे बापरे! पण मग दुखायचं नाही?"

ठसका एकदम थांबला. दादांनी कप खाली ठेवला. सुतार गाठ असलेल्या फळीकडे बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "दुखायचं. पण तेव्हाचे लोक सोसायचे."

मी लिहून टाकलं, 'दंतवैद्याची प्राचीन पक्कड. वाकडे दात सरळ करण्यासाठी.' (पक्कड करवतीच्या दातांची होती. पण हे कळेपर्यंत बरंच पाणी पुलाखालून जायचं होतं.)

त्यानंतर दादा जे खुलले, ते मी कधी पाहिले नव्हते. खुर्ची ओढून जवळ आले. मी पितळेची एक टोकदार, लठ्ठ वस्तू उचलली. वरच्या बाजूला दोरी बांधलेली.

"हा भोवरा, नाही का?"

"भोवराच. पण साध्या घरातला नव्हे."

मी दोरी गुंडाळून तो झोकात फेकला. भोवरा फिरला नाही. सरळ खाली गेला आणि फरशीला चीर पडली.

"वजनदार घराण्यातला दिसतो," दादा म्हणाले.

(तो ओळंबा होता. भिंत उभी सरळ आहे का ते बघायला दोरीने खाली सोडतात, तो. गप्प लोंबकळत राहणं एवढंच ज्याचं काम, त्याला मी नाचवायला निघालो होतो.)

पुढची वस्तू मी स्वतःच्या बुद्धीने ओळखली, हे मुद्दाम सांगतो. मूठ फिरवली की दातेरी चाक फिरायचं, आणि चाकाबरोबर खालचा दांडा गरगर. "अंडी फेटायचं यंत्र!" मी म्हणालो.

दादांनी क्षणभर डोळे मिटले. "अगदी बरोबर. हे मला सांगावंसुद्धा लागलं नाही."

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, त्या यंत्राकडे तिने पाहिलं आणि तोंडात ओढणी कोंबून परत आत गेली. मला वाटलं, दाढ दुखतेय. दोन्ही बाजूंना कान असलेलं एक पातं दादांनी 'पहिलवानांची दाढी करायचं' म्हणून सांगितलं. मी तेही लिहिलं, वर 'दुर्मिळ' असा शब्द पदरचा घातला, आणि सगळे फोटो टाकून दिले.

संध्याकाळपर्यंत जाहिरातीखाली लोकांच्या प्रश्नांची ही रांग. एकाने विचारलं, "साहेब, लाकडाची अंडी कुठे मिळतात?" मी नम्रपणे उत्तर दिलं, "विचारून कळवतो." दुसऱ्याने विचारलं, "पहिलवान बरोबर मिळेल का?" सोमवारपासून मी ऑफिसात शिरलो की लोक एकदम कामाला लागायचे आणि त्यांचे खांदे गदगदा हलायचे. मला वाटलं, माझ्या यशाने दबून गेलेत बिचारे.

आणि मग खरोखरच एका दंतवैद्य बाईंचा फोन आला. "ती पक्कड मला हवीच," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगीन. ती बघितली की पेशंट माझ्या खुर्चीत हसत येऊन बसतील."

मी उड्या मारतच दादांना ही बातमी दिली. दादा हसले नाहीत. "म्हणजे... खरंच घेणार कुणी?"

"घेणार म्हणजे काय! रांग लागलीय!"

"हं," दादा म्हणाले. जरा वेळाने उठले, गॅलरीत गेले आणि पेटीतून रंधा काढून मांडीवर घेऊन बसले. "घेणाऱ्याला गंजकं देऊ नये," म्हणाले. "तेल लावून देतो."

मग रोज तेच. दुपारी म्हणे तेल लावायचे, मी घरी यायचो तेव्हा पुसत बसलेले असायचे, आणि पुसून झालं की पुन्हा तेल. मला त्यांच्या उत्साहाचं कौतुक वाटलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्हाला काही दिसतंय का?"

"दिसतंय ना. गॅलरीभर तेल झालंय."

"डोळे तपासून घ्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

शनिवारी आणखी एक फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा. "त्या रंध्याच्या मुठीवर जळल्याचा काळा डाग आहे ना?"

"आहे. पण डागामुळे किंमत कमी होणार नाही हं," मी आधीच बजावलं.

"किंमत!" आवाज घोगरा झाला. "पत्ता सांगा. उद्या येतो."

रविवारी सकाळी दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा. पांढरा शर्ट, हातात रुमाल, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, गिऱ्हाईक घासाघीस करायच्या तयारीने आलंय.

"फार वाईट वाटलं," ते म्हणाले.

डागाबद्दल म्हणत असणार. "चालायचंच," मी म्हणालो. "जुनं झालं की असं होतंच."

ते जरा दचकले. "कधी झालं हे?"

"गेल्या रविवारी. मीच टाकलं."

"टाकलं?"

"हो. फोटो काढला आणि टाकून दिलं."

त्यांनी रुमाल डोळ्यांपाशी नेला. "फार त्रास झाला का हो?"

"सुरुवातीला थोडा. नंतर काय, एक बोट दाबलं की झालं!"

त्यांनी भिंतीला हात टेकला. "कुणी... येऊन गेलं का?"

"एक दंतवैद्य बाई यायच्या आहेत. त्यांना फक्त दातांपुरतं हवंय. बाकीचं सगळं तुम्ही एकदम नेलंत तर फार उपकार होतील. गॅलरीत पडून आहे. रोज तेल लावतोय, त्यामुळे अगदी चकाचक आहे."

गृहस्थ मटकन खाली बसणार, इतक्यात मागून आवाज आला, "कोण आहे रे?"

दादा आले. हातात तेलाचा बोळा. पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"तू आहेस?" ते ओरडले.

"फूटपट्टी!" दादा त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

मग दोघं एकमेकांना असे बिलगले की तो तेलाचा बोळा त्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर कायमचा उमटला. बायकोने मला बाजूला ओढलं, नाहीतर मी शर्टाबद्दल बोललो असतो.

चहा घेताना उलगडा झाला. फूटपट्टी हे त्यांचं कारखान्यातलं टोपणनाव, ते तिथे दादांच्या शेजारी काम करायचे. रंध्याच्या मुठीवरचा डाग त्यांच्याच हातून पडलेला, लाकूड चिकटवायच्या उकळत्या सरसाचं भांडं ठेवताना. त्यांच्या नातीने हसत हसत त्यांना माझी जाहिरात दाखवली, आणि डाग बघून त्यांचं हसूच गेलं. "म्हटलं, हा जिवंत असताना रंधा विकायचा नाही," ते म्हणाले. "म्हणजे हा गेला. चिरंजीवांना भेटून यावं."

मी कप खाली ठेवला.

"दादा, तुम्हीच 'विक' म्हणालात ना?"

"म्हणालो," दादा कपात बघत म्हणाले. "संसार तुमचा. तुम्हाला जागा लागत असेल, मी कशाला अडवू?"

"मग ती नावं तसली का सांगितलीत?"

"म्हटलं, असल्या नावांनी कोण मेलं घेतंय! जगात दंतवैद्य असतात हे विसरलो."

पहिल्यांदा फूटपट्टी हसले, मग बायको, मग दादा. मीही हसलो, पण डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून फोन काढून जाहिरात पुसायला बसलो. (ती पुसता येईना. शेवटी बायकोने पुसली.) दंतवैद्य बाईंना खरं काय ते सांगितलं. "करवतीची तर करवतीची, पेशंटला काय कळतंय!" असं त्या म्हणाल्या, पण दादा बधले नाहीत.

आता फूटपट्टी दर रविवारी येतात, स्वतःची पेटी घेऊन. म्हणजे एक पेटी घालवायला निघालो होतो, घरात दोन झाल्या. गॅलरीत दोघं मिळून बाक करतायत. दादांचे हात चहाच्या कपाला अजून थरथरतात, पण रंध्यावर ठेवले की स्थिर होतात. लाकडाच्या ताज्या छिलक्यांचा वास घरभर असतो. बायको त्यांच्या हाताखाली शिकतेय. तिने अंडी फेटायच्या यंत्राने पहिल्याच दिवशी चार सरळ भोकं पाडली.

एकदा मी विचारलं, "मला काही काम?"

"फळी सरकतेय," फूटपट्टी दादांना म्हणाले. "हिच्यावर काहीतरी जड ठेवायला हवं. एका जागी पडून राहील असं."

तिघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून दर रविवारी मी फळीवर बसत असे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय ही भावना मोठी सुखाची असते. मी ऑफिसातसुद्धा सांगितलं, आमच्याकडे सुतारकाम चालतं, माझाही भार आहे त्यात. पण मागच्या रविवारी फूटपट्टी कुठूनसा एक लोखंडी शिकंजा घेऊन आले. दादांनी फळी त्यात आवळली, हलवून बघितली आणि समाधानाने मान डोलावली.

"ऊठ रे," ते मला म्हणाले. "हा बरा आहे. मधेमधे बोलत नाही."