चाळीस डब्यांची डोण

एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करणार आहे. वाचकांनी पानाचा डबा बाजूला सारावा, टोपी असल्यास घालावी आणि शक्य असल्यास उभं राहावं. बाब अशी की, मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडावर असलेल्या आमच्या गावात एक दगडी डोण, म्हणजे उघडी कुंडी, होती आणि तिच्यात किती डबे पाणी मावतं हे साधं गणित सातवीच्या मुलांना वर्षानुवर्षं सुटलं नाही. मुलं बदलली, राज्य बदललं, इंच जाऊन सेंटिमीटर आले, पण उत्तर काही जुळलं नाही. आणि शिकवायला कोण? तर अख्खा तालुका ज्यांना 'घनफळ मास्तर' म्हणायचा, ते आमचे जगन्नाथ मास्तर!

मी त्याच शाळेत इतिहास आणि चित्रकला शिकवायचो. म्हणजे मास्तरांच्या मते काहीच शिकवत नव्हतो. "तुमच्या इतिहासाला तळ आहे, पण उंची नाही," असं ते मला मधल्या सुट्टीत प्रेमाने सांगायचे. शाळेत ते पुस्तकी मराठीच बोलत. मालवणी त्यांना येत होती, जन्म इथलाच, पण वर्गाच्या उंबऱ्यावर चपलांबरोबर ती ते बाहेर ठेवायचे, आणि हळूहळू घरीसुद्धा आत घ्यायची विसरले. घरी तरी बोलणार कोणाशी? बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेली होती. मूलबाळ नव्हतं.

काखेत कायम एक बांबूचा गज, त्यावर इंचांच्या खुणा. जगात मास्तरांच्या लेखी दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: इष्टिकाचिती, म्हणजे विटेसारखी, आणि वृत्तचिती, म्हणजे नळकांड्यासारखी. बाकीच्या वस्तू देवाने घाईत केल्या होत्या. बोलण्यात एकच पालुपद: "तळ सांग, उंची सांग, मग बोल!" कोणी म्हटलं, "मास्तर, फार दुःख झालं हो," तर तोंडातून तेच निघायचं. मग स्वतःच ओशाळून गज दुसऱ्या काखेत घ्यायचे.

जामसंड्याला एका लग्नात त्यांनी भाताच्या टोपात गज बुडवून भर मांडवात जाहीर केलं की शेवटच्या पंगतीला भात पुरणार नाही. यजमान संतापला. शेवटच्या पंगतीला भात पुरला नाही. यजमान आणखी संतापला. कणकवलीच्या एसटीत एका बाईची मुंबईला निघालेली ट्रंक मोजून ते म्हणाले, "बाई, ह्यात तुमचे यजमान बसतील. घडी घालावी लागेल." यजमान शेजारीच बसले होते.

पण खरी कमाल स्मशानात. गावात कोणी गेलं की मास्तर गज घेऊन हजर. लाकडं रचून झाली की लांबी, रुंदी, उंची घ्यायचे, मनाशी पुटपुटायचे आणि म्हणायचे, "पुरेल," किंवा "अजून एक भारा आणा." कोणी रागवायचं नाही, कारण अंदाज चुकत नसे. अर्धवट जळलेलं माणूस मागे ठेवून घरी परतायची वेळ मास्तरांनी आमच्या गावावर कधी येऊ दिली नाही.

आता डोणीकडे येतो.

ती होती सुंदराय म्हातारीच्या अंगणात. पूर्वी तिच्या नवऱ्याने चिऱ्यांनी बांधून आतून चुन्याचा गिलावा केलेली. झाडाची साल टाकलेल्या पाण्यात मासेमारीची जाळी रंगवायला. नवरा गेला, मग मुलगा बाळो त्यात जाळी बुडवायचा. एका वर्षी श्रावणात घरात तांदूळ संपले. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याखेरीज होडी लोटायची नाही हा आमच्याकडचा रिवाज. बाळोने ती आधीच लोटली. होडी नंतर उलटी होऊन किनाऱ्याला लागली. बाळो लागला नाही.

त्या वर्षी बांगडाही आला नाही. मग देवळात बारा-पाचाची मंडळी, म्हणजे गावचे मानकरी, बसली. बाळोने समुद्राचा अपमान केला, म्हातारीने त्याला अडवलं नाही, असं ठरलं आणि घर वाळीत पडलं. त्या घराला विस्तव नाही, पाणी नाही. मुलगा गेला म्हणून रडायला जे चार लोक येतात, तेही नाहीत. तिच्या परसातली विहीर खाडीची, पाणी खारट. गोड पाण्याची विहीर गावाची, चढावर. तिकडे तिला पाऊल टाकायची बंदी. म्हातारी उन्हातून वाकत वाकत शेजारच्या गावच्या झऱ्यावर जायची आणि एक कळशी आणायची. वाटेत अर्धी हिंदकळून जायची.

आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी जगन्नाथ मास्तरांनी वर्गात खडू आपटून सांगितलं, "पुस्तकातलं घनफळ खोटं. यंदा प्रात्यक्षिक!"

त्यांनी गावातल्या सगळ्या डोणी, टाक्या, पिंपं मोजली आणि एकेक नापास केली. मानकऱ्यांचे पुढारी नाना गावकर, त्यांची टाकी कोपऱ्यात गोल. देवळाची डोण तळाला उतरती. शेवटी अख्ख्या गावात काटकोनात असलेली एकच डोण निघाली. कोणाची, ते सांगायला नको. आतून लांबी चव्वेचाळीस इंच, रुंदी एकवीस, उंची वीस. मास्तरांनी डबेही करून घेतले, पत्र्याचे, वृत्तचिती, व्यास सात इंच, उंची बारा. फळ्यावर गणित मांडलं तर उत्तर स्वच्छ: चाळीस डबे. ना एक कमी, ना एक जास्त.

मग सातवीचा वर्ग रांगेने गावच्या गोड विहिरीवर. डोणीत आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी फणसाला घालायचं, डबे भरायचे, उतारावरून सुंदरायच्या अंगणात यायचं, डोणीत ओतायचं, मोजायचं. मास्तर फणसाला टांगलेल्या फळ्यापाशी उभे. डोणीकडे पाठ, तोंड समुद्राकडे.

पहिल्याच दिवशी डोण भरायला एकावन्न डबे लागले.

"चुकलं," मास्तर शांतपणे म्हणाले. "उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. "चुकलं. उद्या पुन्हा." एका चुकलेल्या गुणाकारासाठी हातावर वळ उठवणारा हा माणूस, आणि इथे रोज चुकतंय तरी गज काखेतच! शेवटी मेस्तांचा मुलगा न राहवून ओरडला, "गुरुजी, थंय बगा! म्हातारी पाणी काडता!"

खरंच होतं. डोणीच्या पलीकडच्या टोकाला सुंदराय कळशी बुडवून आत नेत होती, परत येत होती, परत बुडवत होती.

मास्तरांनी मान वळवली नाही. "उदाहरण वाच," ते म्हणाले.

मुलाने फळ्यावरचं वाचलं.

"त्यात म्हातारी दिली आहे?"

"नाय, गुरुजी."

"मग जे दिलेलं नाही, ते बघायचं नाही. गणितात शिस्त असते. चल, डबा उचल."

बातमी नाना गावकरांपर्यंत पोचायला कितीसा वेळ? ते धोतराचा सोगा धरून अंगणाच्या बाहेर, बरोबर कुंपणाशी येऊन उभे राहिले. आत येणार कसे? घर वाळीत!

"ह्यां काय चालवल्यात, मास्तर? वाळीतल्या घराक पाणी दितास?"

"पाणी? छे छे. घनफळ."

"ह्यां ओतत आसत तां काय आसा मगे?"

"ते मापन आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. मानकऱ्यांनी घनफळ बंद केलं आहे का? ठराव दाखवा, मी आत्ता थांबतो."

नाना गावकरांनी ठराव मनाशी आठवून पाहिला. ठरावात विस्तव होता, पाणी होतं, न्हावी होता, भट होता. घनफळ नव्हतं.

"उत्तर कधी गावतला तुमका?" त्यांनी शेवटी विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत," मास्तर उदासपणे म्हणाले. "मुलं फार ढ आहेत हो."

त्या ढ मुलांमध्ये नानांचाच नातू होता.

मग काय! घनफळाला असा बहर आला की विचारू नका. सातवीचं झालं की सहावीला, सहावीचं झालं की पाचवीला, ज्यांना अजून भागाकार येत नव्हता. मे महिन्यात शाळा बंद, तर जादा तास. पावसाळ्यात मात्र धडा आपोआप बंद. "पागोळ्यांखाली डोण निसर्गच भरतो," मास्तर सांगायचे, "त्याचं उत्तर तपासायचा आपल्याला अधिकार नाही." आणि दिवाळी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

नानांनी तक्रार केली. तपासणीला डिप्टी साहेब आले. घाटावरचे, कोट-टोपीतले, उन्हाने हैराण. थेट अंगणातच नेलं त्यांना. त्यांनी एका पोराला विचारलं, "बाळ, या डोणीत किती डबे मावतात?"

"गणितात चाळीस. खरेखुरे अठ्ठेचाळीस."

"असं कसं?"

"मधी एक वस्तू आसा, पण ती दिलेली नाय."

साहेबांनी डोणीकडे पाहिलं. वस्तू कळशी कमरेवर घेऊन उभी होती. कुंपणापलीकडे नाना गावकर उभे होते. फणसाखाली आमचे मास्तर समुद्राकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांनी गज दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. नोकरी जाण्याची वेळ होती ती. मी चित्रकलेचा माणूस, मला ते हात अजून काढता येतील.

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "आजी, जरा पाणी द्याल?"

म्हातारी भांबावली. वाळीत पडल्यापासून तिच्या हातचं कोणी काही मागितलं नव्हतं. तिने तांब्या घासून घासून भरून आणला. साहेबांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "पद्धत योग्य आहे. सराव वाढवा."

तुम्ही म्हणाल, मग घर वाळीतून सुटलं असेल. नाही. गावं एवढ्या लवकर विरघळत नाहीत. म्हातारी तशीच एकटी राहिली. फक्त तहानलेली राहिली नाही.

आता यातली खरी गंमत सांगतो. एकदा मी डोणीचं चित्र काढायला म्हणून तिच्याकडे गेलो होतो. तिने मला कोपऱ्यात घेतलं आणि कुजबुजली, "तुमका म्हणान सांगतंय. तो मास्तर बिचारो भोळो. त्येच्या पाठीमागसून मी पाणी काडतंय, म्हणान त्येचां गणित चुकता. त्येका सांगा नको हां! वायट दिसात त्येका. येवडो शिकलेलो माणूस."

"मग काढू नका पाणी," मी मुद्दाम म्हटलं.

"मगे तो येवचो नाय," ती म्हणाली. "उत्तर गावला तर कित्याक येतलो?"

आपण मास्तरांना फसवतो याची तिला एवढी टोचणी होती की दर आठवड्याला ती त्यांना दोन खारे बांगडे द्यायची. वाळीतल्या घरचं खायचं नाही, हाही नियमच. मास्तर बांगडे डब्यात घालून मला बजावायचे, "मासा ना इष्टिकाचिती, ना वृत्तचिती. तो कुठल्याच नियमात बसत नाही." मग घरी जाऊन एकट्याने भात शिजवायचे आणि बांगडा भाजायचे. दुसऱ्याने दिलेलं असं ते एवढंच खायचे.

म्हातारी माघात गेली. झोपेत. डोणीवरून कळशी न्यायला आली नाही, तेव्हा मुलांना कळलं.

मानकरी आले नाहीत. लाकडं द्यायला कोणी पुढे होईना. मास्तरांनी स्वतःच्या परसातला आंबा तोडवला. खांदा द्यायला मी, मास्तर, आणि जुन्या सातव्यांतले आता मिशा फुटलेले पोरगे. त्यांचे बाप दारांत उभे राहून बघत होते. कोणी हाक मारून मुलाला परत बोलावलं नाही, एवढंच. स्मशानात लाकडं रचून झाली आणि आम्ही सवयीने मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे हात रिकामे होते. गज त्यांनी घरी ठेवला होता.

आम्ही अजून एक भारा वर टाकला.

पुढच्या आठवड्यात मास्तर काखेत गज घेऊन वर्गात आले. "चला, प्रात्यक्षिक," म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, आता कशाला?" तर ते डबे मुलांच्या हाती देऊ लागले. मला करमेना, म्हणून मीही मागोमाग गेलो.

घराचं दार बाहेरून कडी घालून बंद. अंगणात फणसाची पानं साचलेली. मुलं डोण रिकामी करून डबे ओतू लागली. मास्तर नेहमीसारखे पाठ करून, समुद्राकडे तोंड. मुलं मोठ्याने मोजत होती. तीस झाले. पस्तीस. पाणी वर चढत होतं आणि पलीकडच्या टोकाला कोणी नव्हतं. अडतीस. एकोणचाळीस. चाळिसावा डबा ओतला आणि पाणी काठाला येऊन थांबलं. एक थेंब बाहेर नाही.

पोरांनी जो गजर केला! डबे वाजवले, टोप्या उडवल्या. वर्षानुवर्षांचं गणित सुटलं होतं. नाना गावकरांचा नातू धावत जाऊन मास्तरांना बिलगला. "गुरुजी, जुळलां! बरोबर चाळीस! उत्तर जुळलां!"

मास्तर वळले. मापं घेतल्यानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या डोणीकडे सरळ पाहिलं. भरलेली डोण, स्थिर पाणी, त्यात फणस दिसत होता. मुलं शाबासकीसाठी तोंडाकडे बघत राहिली. मास्तरांच्या हातून गज खाली पडला, आणि वर्गात कधीही न बोललेल्या भाषेत ते एकदम ओरडले,

"चुकलां! परत मोजा रे, परत मोजा!"