बाबांचा शेवटचा ढग

बाबांना जाऊन महिना होत आला होता, आणि एका सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा ढगाचा फोटो आला. काकांनी सवयीप्रमाणे त्याला अंगठा दिला आणि ते दाढी करायला निघून गेले. अर्धी दाढी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, आपण अंगठा कोणाला दिला.

फोटो पाठवला होता धाकटीने, तोही चुकून. थोरला बाबांचा नंबर बंद करणार होता, म्हणून त्याआधी त्यांच्या फोनमधले फोटो स्वतःकडे घ्यायला ती बसली होती. शेवटचा एक फोटो बाबांनी हॉस्पिटलात जायच्या दिवशी काढलेला दिसत होता, पण कोणाला पाठवलेला नव्हता. तो स्वतःला पाठवायच्या नादात तिचं बोट 'आपली माणसं' या ग्रुपवर पडलं. पुसून टाकावा म्हणून ती बटण शोधते आहे तोवर काकांचा अंगठा हजर झाला होता, आणि त्यापाठोपाठ आत्याचा फोन.

"अगं, अण्णाचा मेसेज आलाय."

"आत्या, तो माझ्याकडून चुकून गेला. बाबांचा फोन माझ्या हातात आहे."

"हातात तुझ्या असेल. पाठवणारा तोच."

"मीच पाठवला, आत्या."

"मग नेमका हाच का गेला? फोनमध्ये शंभर फोटो असतील. आणि हा वरून, आभाळातून काढलाय, बघ नीट. खालून असा येतच नाही."

बाबांनी जन्मभर क्रेन चालवली होती. खाली माणसं लोखंडी सळ्यांची मोळी बांधत, तोवर वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाला ढगांखेरीज दुसरी सोबत नसे. मोळी उचलायच्या आधी ते भोंगा वाजवत आणि कर्ण्यावरून ओरडत, "वर बघा." निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, फोन आला. रोज सकाळी गच्चीवरून ढगाचा एक फोटो आणि खाली दोन वाक्यं : वर बघा. ओळखा पाहू. उत्तर संध्याकाळी मिळे. कितीही गयावया केली तरी आधी सांगायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तो मोडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, कारण गयावया कोणी केली नाही.

पुढे त्यांचा खुबा मोडला आणि ते तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत अंथरुणाला खिळले. फोटो मात्र थांबले नाहीत. उलट दिवसाला दोन-दोन येऊ लागले. घरच्यांना हायसं वाटलं. "मन रमलंय त्यांचं," वरच्या मजल्यावर राहणारा थोरला ज्याला-त्याला सांगे. धाकटी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दोन रुग्णांच्या मध्ये तीही एक अंगठा देऊन टाकायची.

आता या शेवटच्या फोटोची संध्याकाळ उरली नव्हती. बाबांना यात काय दिसलं असेल, एवढं एकच तिला हवं होतं. तिने फोटो मोठा केला, लहान केला, उलटा धरला. दिवसभर करड्या सावल्यांतून लोकांची हाडं वाचणाऱ्या बाईला त्या निळ्यावरच्या पांढऱ्यात काहीही दिसेना.

बाकीच्यांना मात्र लगेच दिसलं.

"खुर्ची आहे," काकांनी अर्ध्या दाढीनिशी जाहीर केलं. "अण्णाची आरामखुर्ची. पाठ बघ, हात बघ. मी त्याला म्हणालोच होतो एकदा, खुर्ची झकास आहे. ते त्याने लक्षात ठेवलं."

"कसली खुर्ची?" आत्या म्हणाली. "शिवणाचं मशीन आहे ते, वहिनीचं. चाकासकट. तिच्यामागे ते कोणाला जायचं होतं, हे अण्णाला ठाऊक होतं."

थोरल्याला जिना दिसला. वरच्या मजल्यावरून थेट बाबांच्या खोलीत उतरणारा. त्याच्या बायकोला तो जिना तर दिसलाच, पण जिन्याखाली कपाटाची सोयही दिसली.

"आणि तुला गं?" आत्याने विचारलं.

"मला काही दिसत नाही."

"तुला कधी दिसलंय?" आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

ग्रुपवर वाद पेटला. ज्या माणसांनी बाबांच्या एकाही फोटोला शब्दाने उत्तर दिलं नव्हतं, ती आता फोटोवर लाल रेघा मारून एकमेकांना पाठवू लागली. काकांनी खुर्चीचे पाय दाखवले. आत्याने त्याच पायांना मशीनचं पायडल म्हटलं. शेवटी थोरल्याने तोड काढली : फोटो मोठा करून, फ्रेम करून बाबांच्या खोलीत लावायचा. रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं आणि समोरासमोर बघून काय ते ठरवायचं.

रविवारी फ्रेम आली. खिडकीएवढी होती. बाबांच्या खोलीला एक खिडकी होतीच, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, त्यामुळे फ्रेम लावल्यावर खोलीला पहिल्यांदाच आभाळ आल्यासारखं वाटलं. थोरल्याने पलंगासमोर खिळा ठोकला आणि फ्रेम आडवी टांगली.

"हां, बसली बघ खुर्ची," काका म्हणाले.

"उभी कर," आत्या म्हणाली. "मशीन काय पाठीवर निजतं?"

थोरल्याने फ्रेम उभी केली.

"आता खुर्ची पडली," काका म्हणाले.

"पडू दे. बसणारा राहिलाय कोण?"

थोरल्याने फ्रेम पुन्हा आडवी केली. त्याला स्वतःला कुठूनही चालत होतं. जिना चढायचा की उतरायचा, एवढाच फरक. धाकटी दाराशी उभी होती. तिच्या हातात बाबांचा फोन होता. घाम पुसत थोरला तिला म्हणाला, "तूच सांग बाई, बाबांनी फोन कसा धरला होता?"

"झोपून धरला असेल," ती म्हणाली. "उठता कुठे येत होतं त्यांना?"

बोलून गेल्यावर तिला वाक्य कुठेतरी अडल्यासारखं वाटलं. पण काकांनी ते उचलून धरलं.

"बरोब्बर. झोपूनच बघायला पाहिजे." आणि ते बाबांच्या पलंगावर उताणे झाले. भरल्या पोटी त्यांना तेही सोयीचंच होतं. "अण्णा असा पडायचा. इथून असं बघायचं, म्हणजे..."

काका थांबले. ते फ्रेमकडे बघत नव्हते.

"थोरल्या," ते म्हणाले, "फोटो दोन केलेस का?"

"एकच केलाय. महाग आहे किती."

"मग हा वर कोणी लावला?"

सगळ्यांनी माना वर केल्या. छताला निळा रंग होता. निवृत्त झाल्यावर बाबांनी तो हट्टाने देऊन घेतला होता, डोक्यावर पांढरं छत सोसत नाही म्हणून. पलंगाच्या बरोबर वर त्या निळ्याला मोठे पोपडे सुटले होते आणि आतला पांढरा चुना फुगून बाहेर आला होता. खाली फ्रेममध्ये होता तोच ढग, त्याच कडा, तेच चाक, तेच पाय. फक्त वरचा आता थोडा मोठा झाला होता. आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं आजाऱ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे. छताकडे कोणी कशाला बघेल?

मग वरच्या न्हाणीघरात, खाली उतरण्याआधी थोरल्याच्या बायकोने लावलेल्या वॉशिंग मशीनने घरघर करत पाणी सोडलं. ढगातून एक थेंब निघाला आणि काकांच्या चष्म्यावर पडला.

"हे तर तुमच्याकडून येतंय," काका पडल्या पडल्याच म्हणाले.

"प्लंबरला सांगितलं होतं," थोरला म्हणाला.

"कधी?"

"सांगणार होतो. बाबा दोनदा बोलले होते. मग त्यांनी विषयच काढला नाही. मला वाटलं, थांबलं असेल."

"अहो, मी म्हणत नव्हते तुम्हाला?" त्याची बायको म्हणाली.

"तू टाइल्स बदला म्हणत होतीस."

"मग तेवढ्यात झालंच असतं ना तेही?"

आत्या अजून वरच बघत होती. "पण मग त्याने सांगायचं ना. हे ढग, ओळखा पाहू, हा काय पोरकटपणा? माणसाला कळणार कसं?"

धाकटीने बाबांच्या फोनवर ग्रुप मागे मागे नेला. खुबा मोडल्यानंतरचे सगळे फोटो याच छताचे होते. सुरुवातीला बशीएवढा डाग. प्रत्येक फोटोखाली अंगठे, जोडलेले हात, तिचा स्वतःचा एक बदाम. आणि संध्याकाळची उत्तरं, जी कोणी वाचलीच नसावीत. ती मोठ्याने वाचू लागली.

"उत्तर : होडी."

ती पुढच्या फोटोवर गेली.

"उत्तर : तीच होडी. वाढली आहे. याला दादा तुझा अंगठा आहे. पुढचं, उत्तर : होडी. आता खाली पाणीही आलं. याला काका आणि मी."

"पुरे," थोरला म्हणाला.

"एकच राहिलं. उत्तर : होडी. आता सगळे मावतील." तिने फोन खाली केला. "आत्या, याला तुझे जोडलेले हात आहेत."

आत्याने पदर सावरला. काका उठून बसले आणि चष्मा पुसू लागले. तो पुसायला त्यांना फार वेळ लागला.

मग गोष्टी भराभर झाल्या. प्लंबर दुसऱ्याच दिवशी आला आणि अर्ध्या तासाचं काम होतं म्हणून कुरकुरत गेला. रंगाऱ्याने छताला पांढरा हात दिला. खुर्चीचा विषय कोणी काढला नाही, आणि कोणी विषय काढत नाही असं बघून काका ती घेऊन गेले. मशीन आत्याकडे गेलं. जिन्याच्या मापासाठी माणूस येऊन गेला. फ्रेम तेवढी कोणालाच नको होती.

"डागाचा फोटो घरात कोण लावणार?" आत्या म्हणाली. मशीन तिला त्यात आता दिसत नव्हतं.

रंगारी यायच्या आधी धाकटी एकदा त्या पलंगावर आडवी झाली होती. उशी अजून बाबांच्या बाजूने दबलेली होती. तिने वर पाहिलं. होडी अगदी सहज दिसली. एवढी उघड होती की, ती दिसायला डोळे नको होते, मान लागत होती. चुकून पाठवल्या गेलेल्या शेवटच्या फोटोचं उत्तर तिला मिळालं होतं. खोलीत ते सांगायला कोणी नव्हतं. फ्रेम ती घरी घेऊन गेली आणि आडवी लावली, होडी सरळ राहील अशी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी, दोन रुग्णांच्या मध्ये, ती हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वर आभाळ होतं आणि त्यात एक ढग. तिने फोटो काढला, 'आपली माणसं' उघडलं आणि लिहिलं : वर बघा. ओळखा पाहू.

काकांचा अंगठा आला. आत्याचे जोडलेले हात आले. थोरल्याच्या नावाखाली मात्र 'लिहीत आहे' असं दिसू लागलं, थांबलं, पुन्हा दिसू लागलं. या ग्रुपच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःला हवं ते न शोधता फोटो उघडून, मोठा करून, कोपरा न कोपरा तपासत होतं. शेवटी त्याचा मेसेज आला.

"आता कुठे गळतंय?"

धाकटीने फोन खिशात ठेवला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. उत्तर संध्याकाळी.