सहा उजवे हात

सकाळी आठ वाजता निकिताचा उजवा हात बँडेजमध्ये गेला, तेव्हा त्याला काहीही झालेलं नव्हतं. तिच्या वर्गातल्या सहाही जणांचे उजवे हात ज्ञानेश्वरी मॅडमनी स्वतः बांधले. लकवा झालेल्या माणसाला साधनं वापरायला शिकवायचं, तर आधी एक दिवस एका हातावर काढा, असं त्यांचं म्हणणं. घरी पोचण्याआधी पट्टी सोडणारा प्रात्यक्षिकात नापास.

निकिताची नापास होण्याची तयारी आधीच झाली होती. येरमाळ्याच्या मथुराबाईंना एका हातानं कांदा चिरायला शिकवायचं, हे तिचं प्रात्यक्षिक. त्यासाठी तिनं दोन खिळे ठोकलेली लाकडी फळी केली होती. कांदा खिळ्यांत रोवायचा, डाव्या हातानं चिरायचा. पण लकवा झाल्यापासून आठ महिने मथुराबाई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या, लुळा हात पदराखाली झाकून खोलीत बसत. फळी पिठाच्या डब्यामागं पडली होती. आज शेवटची भेट होती.

येरमाळ्यात बसमधून मॅडमच्या मागोमाग सहा बांधलेले हात उतरले आणि स्टँडवर चहा थांबला. "मॅडमनी बांधलेत, घरी पोचेपर्यंत सोडायचे नाहीत," असं वर्गातला रुद्रेश भेटेल त्याला खरं सांगत होता. कुणी ऐकेल तर ना! मथुराबाईंच्या दारी पोचेपर्यंत गावाच्या तोंडी कॉलेजची जीप उलटलेली होती. शेजारणी हळदीचं दूध घेऊन आल्या. येडशीचे हाड बसवणारे चन्नबसप्पा फटफटीवर आले आणि त्यांनी रुद्रेशचं कोपर धरलं. त्याची किंकाळी ऐकून हाड मोडल्याची गावाची खात्रीच पटली.

मथुराबाईंच्या नवऱ्यानं, मच्छिंद्ररावांनी, जखमी लेकरांना पंगतीला बसवलं. भाकरी डाव्या हातानं मोडेना. निकितानं जोर लावला, तशी ताटली घसरली आणि पिठलं चन्नबसप्पांच्या धोतरावर गेलं. पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ताटली गुडघ्याला टेकव," आतून आवाज आला. "मंग मोड."

मथुराबाई दारात उभ्या होत्या. पदर खांद्यावर सारलेला, लुळा हात उघडा. त्या सरळ स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याकडं गेल्या, फळी काढली, खिळ्यांत कांदा रोवला आणि चिरून सहा ताटांत वाढला. मच्छिंद्रराव उगाचच चष्मा पुसू लागले.

मॅडमनी वही काढली. "मथुराबाई, निकिताला पास करू ना?"

"फळी बरी केलीय. करा पास. पन भाकर मोडता येईना तिला. मंगळवारी लावून द्या, म्या शिकवते."

खोटं बोलल्यासारखं वाटून निकिता पुढं झाली. "मावशी, आमचे हात मोडलेले नाहीत हो."

"ठावं हाय. सहा जनांचा उजवाच हात मोडतो व्हय?"

निकिता इतकी हसली की हलकं होऊन तिनं पट्टीची गाठ सोडायला घेतली. मथुराबाईंनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"घरी पोचल्याबिगर न्हाय."