एक जीप, दोन व्यवस्था

धोंडूमामा नसते तर कल्याणच्या फरसाणाच्या दुकानातलं माझं काम पहिल्याच आठवड्यात सुटलं असतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची थोडी थट्टा करणार आहे.

मामा मुरबाड-कल्याण जीप चालवायचे आणि त्या एका जीपमध्ये त्यांनी तीन देश केले होते. मागे चीन. तिथे सहा जणांच्या जागेत नऊ, भाडं सगळ्यांना सारखं. कुणी शेंगा काढल्या की पुडी फिरायची. पोर कुणाचंही असो, मांडी सगळ्यांची. "सरका गो, चीनमदी जागा असतेच!" मामा ओरडायचे. त्यांच्या शेजारची पुढची सीट म्हणजे हाँगकाँग. तिला डबल भाडं. "पैसा टाक, पाय पसर. भांडवलशाही हाय ती." आणि मधली सीट? "तो आपला देश. बोलणं चीनसारखं, डोळा हाँगकाँगवर."

डबल भाडं देणार कोण? मागे आमची चटणी व्हायची आणि पुढे नुसता वारा बसून जायचा. स्टँडवरचे ड्रायव्हर हसायचे, "धोंड्या, लोभापायी सीट वाया घालवतोस."

मधल्या सीटवर म्हसा गावचे एक शाळेतले गुरुजी असत. एका सकाळी ते पेपर नाचवतच आले. "धोंडू, हाँगकाँग चीनला परत मिळालं! आता पुढच्या सीटला पण मागचंच भाडं."

मामांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी मात्र रेडिओ ऐकून ताठ मानेने आले. "गुरुजी, पुरतं वाचत जा. एक देश, दोन व्यवस्था ठरलंय. चीनला चालतंय, तर तुमचं काय जातंय? एक जीप, दोन व्यवस्था. बसा मधी."

मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. शाळा सातवीत सुटलेली, लग्न होऊन हिंगोलीकडून इथे आलेली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता, घर माझ्या कामावर होतं. आणि मला गाडी लागायची. चीनमध्ये बसले की वाटेतल्या रायते गावच्या पुलापर्यंत मी लिंबासारखी हिरवी होई, आणि दुकानात पोचायची ती ओकारीने पदर ओला करूनच. चौथ्या दिवशी शेठ म्हणाले, "बाई, इथे खायच्या वस्तू आहेत. उद्या अशी आलीस तर तशीच परत जा."

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तोंडात आल्याचा तुकडा धरून स्टँडवर उभी राहिले. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं दार उघडलं.

"बस हाँगकाँगात."

"मामा, डबल भाडं नाही परवडत."

"मागितलं का मी?"

मागून गुरुजी ओरडले, "धोंडू, भांडवलशाही बुडाली का रे?"

"बुडाली नाय. सवलत दिली."

सीटवर जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची शिवलेली गादी होती. टाके बारीक, एकसारखे. गाडी सुटल्यावर मी विचारलं, "कुणी शिवली, मामा?"



"आमच्या मंडळीनी. तिला पण गाडी लागायची. कल्याणला दवाखान्यात न्यायचो तेव्हा इथंच बसायची." गिअर बदलून मग हळूच म्हणाले, "ती गेली. सीट स्वस्त ठेवली असती तर कोण पण येऊन बसला असता गो."

मी खाली गादीकडेच बघत राहिले.

"खाली नको बघू. लांब रस्त्यावर बघ. तिला पण हेच सांगायचो."

रायत्याचा पूल कधी गेला ते मला कळलं नाही. दुकानात कोरड्या पदराने पोचले. शेठनी चिवड्याचं घमेलं पुढे सरकवलं.

आज त्या दुकानात पॅकिंगचं सगळं मी बघते. नवरा ड्रायव्हिंग शिकलाय, आमची गाडी होईल असं वाटतंय. मामांचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत. आमची गाडी आली की पहिल्या फेरीला मी त्यांना ती गादी घेऊन पुढच्या सीटवर बसवणार आहे, जिथे ते स्वतः कधीच बसले नाहीत. मी मागे, चीनमध्ये बसेन. गाडी लागली तरी चालेल.