पंचाच्या खिशातला चाकू

नागभीडच्या शाळेचे सोमाजी मास्तर इसरूच्या बैलगाडीतून उतरले ते छातीवर हात दाबूनच. कोटाच्या आतल्या खिशात, रुमालात गुंडाळलेला उघडा चाकू होता, आणि तो काही केल्या मिटत नव्हता.

मास्तरांना एकच नाद होता. जुन्या कंपन्या आपल्या बड्या गिऱ्हाइकांना भेट द्यायला खास नाव कोरून खिशातले चाकू बनवून घेत, ते जमवायचे. विडीच्या, लाकडाच्या, कापसाच्या कंपन्यांचे मिळून एकोणीस झाले होते. विसावा त्याच सकाळी माजरीहून आलेल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने त्यांच्या हातात ठेवला. हस्तिदंती मूठ, आणि पात्यावर बारीक अक्षरांत 'डंकर्ली कोल कंपनी, १९११'. असे पन्नासच निघाले होते म्हणे. गाडीत न राहवून मास्तरांनी ती अक्षरं पुन्हा वाचायला पातं उघडलं आणि स्प्रिंग अडकली. जोर लावावा तर मूठ तडकणार.

एरवी हसून सोडलं असतं, पण मास्तर निघाले होते पंच म्हणून. मुखरू आणि लटारू या सख्ख्या भावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर मोहाचं झाड होतं. फुलं कोणी वेचायची, यावरून सात वर्षं अबोला होता. मागच्या बैठकीत तर कुऱ्हाडी निघाल्या. म्हणून मास्तरांनीच निरोप धाडला होता : धारेची वस्तू जवळ ठेवून कोणी बसायचं नाही.

मुखरूच्या अंगणात ही अट तंतोतंत पाळलेली दिसली. कोपऱ्यात विळे-कुऱ्हाडींचा ढीग होता. मास्तरांच्या देखत लटारूने कनवटीचा अडकित्ताही त्यावर टाकला.

"आता कोणापाशी सुईबी नाई, मास्तर," मुखरू म्हणाला. "तुमी सांगतलं तसंच."

मास्तरांनी मान हलवली. जपूनच हलवली.

"कोट काढा ना, भाऊ," मुखरूची बायको रुखमाबाई म्हणाली. "घामानं चिंब होऊन राह्यले."

"नको बाई. थंडी वाजते."

"चैताच्या उन्हात?" लटारूने डोळे बारीक केले.

मास्तर खांबासारखे ताठ बसले. रुमाल सुटत चालला होता आणि श्वास घेतला की पात्याचं टोक बरगडीला लागत होतं. म्हणून ते श्वासही अर्धाच घेत होते.

"झाड बापानं मले देलं," लटारूने सुरुवात केली.

"तुले? त्याचं आजारपण कोणं काढलं?"

"मास्तर, बोला ना! काऊन गप बसले?" लटारू म्हणाला.

"आई गं," मास्तर म्हणाले.

ते कोणाच्या बाजूचं समजावं हे कोणालाच कळेना. तेवढ्यात मुखरू उठला, लटारू उठला, आणि दोघांनी एकमेकांची गळपट्टी धरली. आता मात्र मास्तरांना बसवेना. हात पसरून ते मधे घुसले. कोटाचं अस्तर टर्रकन फाटलं. चाकू खाली पडला आणि सारवलेल्या अंगणात, दोघांच्या पायांमधे, उभाच्या उभा रुतला.

दोघांचे हात गळपट्टीवरून सुटले.

"अरे, हा मिटतच नाही..." मास्तर सांगू लागले.

"दादा!" लटारू ओरडला. "आपले विळे काढून घेतले न् हा बुढा चाकू घेऊन बसला!"

सात वर्षांत त्याने मुखरूला पहिल्यांदा दादा म्हटलं होतं. ते फक्त रुखमाबाईच्या ध्यानात आलं.

"धर त्याले, लटाऱ्या!"

मास्तर पळाले. एक चप्पल अंगणात राहिली, एक धानाच्या बांधीत. तलावाच्या पाळीपर्यंत दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून त्यांच्या मागे धावत होते.

पंधरा दिवसांनी दोघे शाळेच्या दारात उभे राहिले. मास्तर खुर्चीमागे सरकले.

"भिऊ नोका," मुखरू ओशाळून म्हणाला. "गाडीवाल्या इसरूनं समदं सांगतलं. आमचीच चूक. त्या दिवशी पळून पळून भूक लागली, तं दोघं एकाच घरी जेवलो. औंदा फुलंबी संगंच वेचली."

लटारूने फडक्यातून चाकू काढला. पातं उघडलं, खटकन मिटलं.

"तेल सोडलं, मोकळा झाला. अन् पात्यावर कायतरी काळी किट्ट अक्षरं होती गंजल्यावानी. ते रेतीनं घासून घासून साफ काढली. पाहा, आरसा केला!"

मास्तरांनी पातं उघडून उजेडाकडे धरलं. कंपनी नव्हती, साल नव्हतं. त्यांचा स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि तो बघवत नव्हता.

"कोणी... कोणी घासलं हे?"

"मीनं," लटारू म्हणाला.

"तुनं कायले? तीन दिवस तं मीच घासून राह्यलो होतो."

"तीन दिवस? तू तं चिलीम ओढत बसला होता!"

मुखरूने बाह्या सरसावल्या. मास्तरांनी घाईघाईने चाकू मिटून खिशात टाकला.

"दोघांनीही सारखंच घासलं," ते म्हणाले. "फार सुरेख घासलं."

पंच म्हणून मास्तरांनी दिलेला तो एकमेव निवाडा. तो दोन्ही भावांनी तिथल्या तिथे मान्य केला.