छापील ५४०

गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, कुडाळच्या एका संगणकाच्या दुकानात, दुकानदार संदेश आणि मी अशा दोघांच्या समक्ष नाना केळुसकरांनी तीन हजार आठशे पन्नास रुपयांना एसएसडी जातीची एक नवी, वेगवान डिस्क विकत घेतली. पैसे देण्याआधी त्यांनी खोकं भिंगाखाली धरलं. ठळक छापलेल्या 'सेकंदाला ५४० मेगाबाइट'च्या शेजारी मुंगीएवढं 'पर्यंत' होतं. ते संदेशला दाखवून त्यांनी पावतीवर लिहून घेतलं.

नाना वेंगुर्ल्यात माझे शेजारी. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण ते त्यांना कोणी पटवून दिलेलं नाही. "छापील किती आणि भरता किती?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. उदबत्तीच्या पुड्यातल्या काड्या ते मोजतात. देवबागला एका घरगुती लॉजच्या फलकावर 'समुद्र दोन मिनिटांवर' असं होतं. नाना घड्याळ लावून चालले, अकरा मिनिटं भरली, आणि मालकाला फलक बदलावा लागला. माझ्या पुतणीच्या लग्नात मुहूर्त बारा सत्तावीसचा होता. अक्षता बारा एकेचाळीसला पडल्या, हे त्यांनी व्याह्यांना जेवताना सांगितलं.

एसएसडी घेण्याचं कारण मात्र मोजमापाचं नव्हतं. त्यांच्या संगणकाला जोडलेली जुनी हार्ड डिस्क टिकटिकायला लागली होती, आणि तिच्यात माईंचा आवाज होता. माई म्हणजे त्यांची बायको. जाऊन दोन वर्षं झाली. शेवटची चार वर्षं हात थरथरायचा म्हणून त्यांना रोजची वही लिहिता येईना. मग त्या दिवसातून दोन-तीनदा फोनवर बोलून ठेवायच्या: काय रांधलं, कोण आलं, विहिरीला पाणी किती. फोन केव्हाच बंद पडला. उरल्या त्या डिस्कवरच्या चार हजार दोनशे बारा फायली.

संदेशने बजावलं होतं, घरी गेल्यावर आधी सगळं नव्यात घ्या, मग काय ते करा. नानांनी घेतलंही. पण घड्याळ लावून, आणि मला पंच म्हणून बसवून. आठ हजार चारशे मेगाबाइट, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. भागाकार केला: सेकंदाला बारा.

"पाचशे चाळीस छापील," नाना म्हणाले, "आणि भरता बारा."

लगेच संदेशला फोन लावला. त्याने शांतपणे समजावलं. "नानानू, तो आकडो कंपनीच्या खोलयेतलो. नवो संगणक, कोरी डिस्क, एकच मोठी फाईल. तुमचो संगणक अकरा वर्षांचो, जुनी डिस्क दमलेली, वर चार हजार चिल्लर फायली. एक पिच्चर भरून बघा, धावतली."

"गिऱ्हाईक आपलो माल तोलता," नाना म्हणाले, "दुकानदाराचो नाय."

तक्रार करायची ठरली. तक्रारीला खात्याच्या नियमाने तीन मोजण्या आणि त्यांची सरासरी लागते. आणि दर मोजणीआधी काटा शून्यावर आणावा लागतो. म्हणून नव्या डिस्कवरचं सगळं पुसायचं. मी म्हटलं, नाना, ही प्रत राहू दे ना. ते म्हणाले, मूळ माल जुन्या डिस्कवर आसा मां. पुसण्याचं बटण त्यांच्या सांगण्यावरून मी दाबलं.

दुसऱ्या मोजणीला चौदा मिनिटं लागली. सेकंदाला दहा. नानांनी कागदावर आकडा लिहिला, मी सही केली, आणि पुन्हा काटा शून्यावर आणला.

तिसऱ्या मोजणीत सोळाशे अठरा फायली नव्या डिस्कवर आल्या आणि जुनी डिस्क तीनदा खडखडून थांबली. केबल काढून लावली, संगणक बंद करून चालू केला. काही झालं नाही. नानांनी घड्याळ मात्र थांबवलं नव्हतं. बराच वेळ ते हातात चालूच होतं.

दोन दिवसांनी संदेश स्वतः आला. जुनी डिस्क त्याने कानाला लावून पाहिली आणि खाली ठेवली. नव्यावर पुसलेलं तरी परत येईल का, असं मी विचारलं. या जातीच्या डिस्कवर पुसलेलं बहुतेक राहत नाही, म्हणाला. मग त्याने खिशातून पैसे काढले, पूर्ण तीन हजार आठशे पन्नास, आणि टेबलावर ठेवले.

नानांनी ते परत त्याच्याकडे सरकवले. बोलले ते मालवणीत नाही, कचेरीतल्या मराठीत. "तुमच्या मालाबद्दल तक्रार नाही. मोजणाऱ्याची पद्धत चुकली."

नानांनी नव्या डिस्कवर उरलेल्यांपैकी एक फाईल लावली. आधी नुसता श्वास, मग माईंचा आवाज, थोडा दमलेला.

"आज बांगडे शंभराक पाच मेळले. ह्येंनी तोलून बघूक नाय. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातान माका धरून होते."

संदेशने मान खाली घातली. नाना पडद्याकडे बघत राहिले. चौदा सेकंदांची फाईल होती. संपल्यावर त्यांनी ती पुन्हा लावली नाही.

निघताना संदेशला त्यांनी कुडाळपर्यंतच्या पेट्रोलचे दीडशे रुपये दिले. तो नको म्हणत होता. घ्यायला लावले.